मत्स्यपालनात प्रतिजैविकांऐवजी फेज: नमुना घेण्यापासून टाकीत सोडण्यापर्यंत

बॅक्टेरियोफेज म्हणजे फक्त जिवाणूंवर वाढणारे विषाणू. बोलताना त्यांना नुसते फेज म्हणतात. १९१५ साली फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली फेलिक्स द'हेरेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते नोंदवले. जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक खुणेला फेज चिकटतो आणि आपले जनुकद्रव्य आत सोडतो. साधारण अर्ध्या ते एका तासात तो जिवाणू फोडून डझनांनी, कधी शेकड्यांनी नवे फेज बाहेर टाकतो. मासा, कोळंबी किंवा माणूस यांच्या पेशींवर ती खूणच नसते, त्यामुळे तो त्यांना लागत नाही. एका जातीच्या जिवाणूचा फेज दुसऱ्या जातीला बहुधा हात लावत नाही. पुष्कळदा तर एकाच जातीतल्या निम्म्याअधिक वाणांनाही (उपप्रकारांनाही) तो लागत नाही.

या नेमकेपणामुळे पाण्यातले आणि आतड्यातले उपयोगी जिवाणू वाचतात, नायट्रिफिकेशनचा (अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचा) फिल्टर मरत नाही, माशाच्या मांसात औषधाचा अंश राहत नाही. पण रोग कोणत्या जिवाणूने झाला हे माहीत नसेल तर फेजचा काहीच उपयोग होत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा फ्लोरफेनिकॉलसारखे प्रतिजैविक अंदाजाने दिले तरी कधीकधी लागू पडते. अंदाजाने दिलेला फेज पाण्यात नुसता फिरत राहतो आणि दोन दिवसांत संपतो. म्हणून या कामाचा निम्मा वेळ निदानात आणि मोजणीत जातो, आणि तो तसाच जायला हवा.

मत्स्यपालनातले पहिले ठळक प्रयोग जपानमध्ये झाले. १९९९ च्या सुमारास तोशिहिरो नाकाई यांच्या गटाने यलोटेल माशातल्या लॅक्टोकॉकस गार्विए या जिवाणूवर, आणि पुढच्याच वर्षी आयू माशातल्या स्यूडोमोनास प्लेकोग्लोसिसिडावर फेज वापरून मरतुक कमी झाल्याचे दाखवले. आयू माशांना फेज खाद्यातून दिला होता, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

फेज कुठे लागू पडतो, कुठे नाही

एरोमोनास हायड्रोफिलामुळे होणारे लाल चट्टे, जखमा आणि पोटफुगी. फ्लॅवोबॅक्टेरियम कॉलम्नेअरमुळे पाठीवर खोगिरासारखा उमटणारा पांढुरका-पिवळा पट्टा आणि कुजणारे कल्ले. कोळंबीच्या अळ्यांमध्ये अंधारात चमकणारा व्हिब्रिओ हार्वेयी. सामन आणि ट्राउटमधला यर्सिनिया रकेरी. या जिवाणूंवरचे फेज वेगळे काढून त्यांचा अभ्यास झालेला आहे, त्यामुळे नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग, कापसासारखी बुरशी, कल्ल्यांवरचे परजीवी यांवर फेजचा परिणाम शून्य असतो. माशाच्या पेशींच्या आत दडणाऱ्या फ्रान्सिसेला किंवा पिसिरिकेट्सियासारख्या जिवाणूंपर्यंत फेज नीट पोहोचत नाही. आणि प्राणवायू पहाटे लिटरमागे २ मिलीग्रॅमवर उतरत असेल, अमोनिया वाढला असेल, तर आधी ते सुधारावे. एरोमोनास निरोगी तळ्यातही असतोच. मासा खचला की तो चढाई करतो, आणि फेजने त्याला मारले तरी खचलेल्या माशावर दुसरा जिवाणू बसतो.

पहिली पायरी: जिवाणू हातात घ्या

नमुना मरून पडलेल्या माशाचा घेऊ नका. मेल्यावर काही तासांतच आतड्यातले जिवाणू सगळीकडे पसरतात आणि खरा गुन्हेगार त्यात हरवतो. सुस्त झालेले, कडेला येऊन तरंगणारे, पण अजून जिवंत असलेले ५ ते ६ मासे घ्या. बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, निर्जंतुक अवजारांनी पोट उघडा आणि मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातून लूपने नमुना घेऊन ट्रिप्टिक सोय अगार या घट्ट खाद्य-माध्यमाच्या थाळीवर रेघा ओढा. जखम असेल तर तिच्या कडेचा वेगळा नमुना घ्या. खाऱ्या पाण्यातल्या व्हिब्रिओसाठी माध्यमात १.५ ते २ टक्के मीठ घाला, शिवाय व्हिब्रिओ निवडून वाढवणाऱ्या टीसीबीएस अगारची एक थाळी ठेवा. कॉलम्नेअर जिवाणू सकस माध्यमावर मागे पडतो, त्याला शिए माध्यमासारखे हलके माध्यम लागते.

थाळ्या २८ ते ३० अंश सेल्सिअसवर २४ ते ४८ तास ठेवा. कॉलनी दिसली की ती दोनदा पुन्हा रेघा ओढून शुद्ध करा आणि प्रयोगशाळेतून जात नक्की करून घ्या. शक्य असेल तर जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात त्या १६एस जनुकाच्या क्रमवाचनावर न थांबता जायरेस-बी सारख्या जनुकाचीही तपासणी करून घ्यावी, कारण एरोमोनास आणि व्हिब्रिओ या गटांत जवळच्या जाती १६एसवरून नीट वेगळ्या होत नाहीत.

एका माशातला एक वाण पुरत नाही. वेगवेगळ्या टाक्या आणि वेगवेगळे आठवडे मिळून किमान १० ते २० वाण जमवा आणि प्रत्येक वाण २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. पुढचा सगळा खेळ या संग्रहावर चालतो. यातले काही जिवाणू माणसालाही जखमेतून लागतात, त्यामुळे हातमोजे कायम हवेत आणि हाताला चीर असेल तर त्या दिवशी काम नको.

दुसरी पायरी: फेज शोधा

जिथे जिवाणू भरपूर, तिथे त्याचा फेज असतो. रोग चालू असलेल्या टाकीचे पाणी, तळाचा गाळ, सांडपाण्याची वाट, आजारी माशाचे आतडे ही चांगली ठिकाणे. दोनशे मिली पाणी घ्या. गाळ असेल तर १० ग्रॅम गाळ ९० मिली एसएम द्रावणात अर्धा तास हलवा. एसएम द्रावण हे फेजचे घर आहे, म्हणून त्याची कृती देऊन ठेवतो: एका लिटरला मीठ ५.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २ ग्रॅम, पीएच ७.५ चे १ मोलर ट्रिस ५० मिली आणि २ टक्के जिलेटिन ५ मिली. ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून ठेवा.

नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने) १० मिनिटे फिरवा आणि वरचे पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. आता संवर्धन करायचे. गाळलेले ४५ मिली पाणी, दहापट तीव्र ब्रॉथ (जिवाणूंचे पातळ खाद्य-माध्यम) ५ मिली, तुमच्या जिवाणूचे वाढीच्या भरात असलेले कल्चर १ मिली आणि अंतिम प्रमाण १ ते २ मिलीमोलर येईल इतके कॅल्शियम क्लोराईड एकत्र करा. कॅल्शियम नसेल तर बरेच फेज जिवाणूला चिकटतच नाहीत, आणि मग नमुन्यात फेज नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघतो. रात्रभर हळू हलवत ठेवा, सकाळी पुन्हा फिरवा आणि या वेळी ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. गाळणीचा पडदा प्रथिने कमी शोषणारा, म्हणजे पॉलिइथरसल्फोनचा असावा. नायलॉनचा पडदा फेज धरून ठेवू शकतो.

संवर्धन आपल्या शेताच्या तापमानाला करा, ही बाब फार जण विसरतात. प्रयोगशाळेत ३७ अंशांवर शोधलेला फेज २२ अंशांच्या पाण्यात मंद पडू शकतो. शेत थंड पाण्याचे असेल तर शोधही थंडच व्हायला हवा.

तिसरी पायरी: प्लाक पाहणे आणि मोजणे

थाळीत खाली १.५ टक्के अगारचा थर असतो. वर ओतायचे मऊ अगार ०.५ टक्के, वितळवून ४५ ते ४७ अंशांवर धरलेले. यापेक्षा गरम असेल तर जिवाणू मरतात, थंड असेल तर गुठळ्या होतात. ४ मिली मऊ अगारात २०० मायक्रोलिटर जिवाणू आणि १०० मायक्रोलिटर फेज मिसळून लगेच ओता. जिवाणू तरुण हवेत, म्हणजे ६०० नॅनोमीटरवर कल्चरचे प्रकाशशोषण (गढूळपणाचे माप) ०.३ ते ०.५ असताना. रात्रभराचे म्हातारे कल्चर वापरले की प्लाक लहान आणि धूसर येतात. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधाळ गालिच्यावर स्वच्छ गोल खिडक्या दिसतात, त्यांना प्लाक म्हणतात. एक प्लाक म्हणजे सुरुवातीचा एक फेज.

मोजणीसाठी फेजचे दहा-दहा पट विरलन करा: १०० मायक्रोलिटर फेज, ९०० मायक्रोलिटर एसएम, आणि दर टप्प्याला नवीन टिप. टिप तीच ठेवली तर आधीच्या नळीतला फेज पुढे जातो आणि आकडा फुगतो. ज्या थाळीत ३० ते ३०० प्लाक आहेत तीच धरा. समजा दहा लाख पट विरलनाचे ०.१ मिली ओतले आणि ८४ प्लाक आले. ८४ ला दहा लाखांनी गुणून ०.१ ने भागा: मिलीमागे ८४ कोटी पीएफयू. पीएफयू म्हणजे प्लाक पाडणारे एकक, पुढे सगळीकडे हेच माप येईल.

नुसता थेंब टाकून पडलेल्या डागावर विश्वास ठेवू नका. जिवाणूंनी सोडलेली मारक प्रथिने, जिवाणू मारायला वापरले असेल तर उरलेले क्लोरोफॉर्म, किंवा एकाच पेशीवर शेकडो फेज एकदम तुटून पडणे, या तिन्ही कारणांनी स्वच्छ डाग पडतो आणि फेजची वाढ मात्र होत नाही. विरलन केल्यावर सुटे प्लाक दिसले तरच तो फेज कामाचा.

एक सुटा प्लाक टूथपिकने उचलून १ मिली एसएममध्ये सोडा, पुन्हा थाळी लावा. असे तीनदा करा. तेव्हाच एका वंशाचा फेज हातात आला असे म्हणता येते.

चौथी पायरी: घातक फेज गाळून टाका

या पायरीवर घाई केली तर मोठे नुकसान होते. फेज दोन स्वभावांचे असतात. एक शिरला की जिवाणू फोडतो. दुसरा जिवाणूच्या जनुकांत घर करून निवांत राहतो आणि कधीकधी त्याला नवी विषारी जनुके देऊन जातो. पटकीचे विष तयार करणारे जनुक पटकीच्या जिवाणूला एका फेजनेच दिलेले आहे. कोळंबीच्या बाबतीत व्हिब्रिओ हार्वेयीतला व्हीएचएमएल नावाचा फेज तर सौम्य वाणांना मारक बनवतो असे दिसून आले. असला फेज हॅचरीत (पिल्ले तयार करण्याच्या केंद्रात) सोडणे म्हणजे रोगाला शस्त्र पुरवणे.

मधोमध धूसर किंवा दुधाळ प्लाक देणारा फेज सरळ बाजूला ठेवा. स्वच्छ प्लाक ही चांगली खूण आहे, पण तो पुरावा नाही. जनुकसंच वाचून घ्या आणि त्यात इंटिग्रेज आणि रिप्रेसर (जिवाणूत दडून राहायला लागणारी जनुके), ज्ञात विषे आणि प्रतिजैविक-रोधक जनुके नाहीत याची खात्री करा. फेजचा जनुकसंच छोटा असल्यामुळे हे काम आता आवाक्यातले आहे. ते करता येत नसेल तर तो फेज प्रयोगशाळेबाहेर नेऊ नका. यात सवलत नाही.

मग पल्ला, म्हणजे फेज किती वाणांना लागतो ते तपासा. जमवलेल्या २० वाणांवर फेजची मोजणी करा आणि मूळ वाणावर आलेल्या संख्येशी तुलना करा. मूळ वाणावर १०० प्लाक आणि दुसऱ्यावर ६० आले तर उत्तम. ५ आले तर त्या वाणावर भरवसा नको. रोग न करणारे, प्रोबायोटिक म्हणून वापरात असलेले जिवाणूही तपासणीत घ्या, म्हणजे फेज त्यांना लागत नाही हे कळते.

पाचवी पायरी: मिश्रण

एकटा फेज दिला की काही तासांत रोधक, म्हणजे त्या फेजला न जुमानणारे जिवाणू उरतात. फ्लास्कमध्ये हे डोळ्यांनी दिसते. जिवाणू आणि फेज एकत्र ठेवून २४ तास दर तासाला शोषण मोजा. पहिले ४ ते ६ तास पाणी निवळते, नंतर पुन्हा गढूळ होऊ लागते. हे पुन्हा गढूळ होणे म्हणजे रोधक वाण.

उपाय म्हणजे ३ ते ५ फेजचे मिश्रण, पण ते एकमेकांहून वेगळ्या खुणांना चिकटणारे हवेत. एक लिपोपॉलिसॅकराइडला (जिवाणूच्या बाह्य पटलातल्या शर्करायुक्त मेदाला), एक बाह्य पटलातल्या प्रथिनाला, एक कशाभिकेला (पोहण्याच्या धाग्याला). एकाच खुणेचे पाच फेज घेतले तर जिवाणू ती एक खूण टाकून पाचांनाही एकदम चुकवतो. हे ओळखायला सोपी युक्ती आहे. पहिल्या फेजला न जुमानणारा वाण घ्या आणि त्यावर दुसरा फेज लावा. तो लागला तर दोघांच्या खुणा बहुधा वेगळ्या.

रोधक वाण आला म्हणजे सगळे संपले असेही नाही. अंगावरची खूण टाकताना जिवाणू बऱ्याचदा स्वतःची मारकता गमावतो. कॉलम्नेअरमध्ये फेज-रोधक वाणांच्या कॉलनीचे रूप बदलते आणि ते माशाला फारसे मारत नाहीत, असे फिनलंडमधल्या अभ्यासात दिसले. पण तुमचा रोधक वाण सौम्यच असेल असे गृहीत धरू नका, तपासून बघा.

सहावी पायरी: साठा वाढवणे आणि शुद्ध करणे

अर्धा लिटर ब्रॉथमध्ये जिवाणू मिलीमागे सुमारे १० कोटीपर्यंत वाढवा आणि दर १०० जिवाणूंमागे एक फेज या प्रमाणात फेज घाला, म्हणजे एकूण ५० कोटी पीएफयू. ४ ते ६ तासांत पाणी निवळते, बाजूला फेस आणि धाग्यांसारखा चोथा दिसतो. फेज सुरुवातीलाच जास्त घातला तर जिवाणू वाढण्याआधीच मरतात आणि साठा पातळ येतो. उशिरा किंवा फार कमी घातला तर जिवाणू म्हातारे होतात आणि फुटत नाहीत. वाढवायला शक्यतो सौम्य, स्वतःच्या आत दुसरा फेज दडलेला नसलेला वाण निवडा.

१०,००० जी वर फिरवून ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. आता या द्रावात फेज आहेतच, शिवाय ब्रॉथचा उरलेला खुराक, जिवाणूंचे तुकडे आणि त्यांची विषेही आहेत. असा कच्चा द्राव लिटरभर टाकीत ओतला तर तो पाण्यातल्या बाकीच्या जिवाणूंची मेजवानी ठरतो, अमोनिया वाढतो, आणि फेजनेच मासे बिघडवले असे वाटते. म्हणून फेज गोळा करा: लिटरमागे ५८ ग्रॅम मीठ विरघळवा, मग १०० ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल ८०००, आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. सकाळी १०,००० जी वर ३० मिनिटे फिरवा. तळाशी बसलेला पांढुरका साका थोड्या एसएममध्ये हळू सोडवा, जोरात हलवू नका. शेपटीचे फेज मोडतात.

साठ्यात एकही जिवंत जिवाणू असता कामा नये. १ मिली साठा १० मिली ताज्या ब्रॉथमध्ये टाकून ४८ तास ठेवा. गढूळ झाला तर तो साठा ऑटोक्लेव्हमध्ये जातो, टाकीत नाही. सगळा जिवाणू-कचरा १२१ अंशांवर ३० मिनिटे मारल्याशिवाय बाहेर पडू नये. रोग बरा करायला निघून रोगाचे कल्चर शेतात सांडणे ही या कामातली सगळ्यात मोठी चूक असेल.

साठा ४ अंशांवर, अंधारात, एसएममध्ये बरेच महिने टिकतो, पण सगळे फेज सारखे नसतात. महिन्यातून एकदा मोजा आणि बाटलीवर तारीख व आकडा लिहा. घरगुती फ्रीजरमध्ये ग्लिसरॉलशिवाय गोठवू नका.

सातवी पायरी: मात्रेचे गणित

नवखे इथेच फसतात. फेज जिवाणूला शोधत जात नाही, धक्क्याने आदळतो. आदळण्याचा वेग पाण्यातल्या फेजच्या संख्येवर ठरतो. ठोकळ हिशेब असा: मिलीमागे १० लाख फेज असतील तर निम्म्या जिवाणूंना फेज लागायला सुमारे साडेअकरा तास लागतात. मिलीमागे १ कोटी असतील तर सुमारे ७० मिनिटे, आणि १० कोटी असतील तर ७ मिनिटे. फेजनुसार हे आकडे बरेच मागेपुढे होतात, पण प्रमाण हेच राहते. पाण्यात जिवाणू मिलीमागे काही हजारांपेक्षा कमी असतील तर फेज स्वतः वाढून भर घालेल ही आशा सोडा. तेव्हा तुम्ही जेवढे टाकले तेवढेच कामाला.

आता मिलीमागे १० अब्ज पीएफयूचा साठा धरू. १,००० लिटरच्या टाकीत मिलीमागे १० लाखांची पातळी आणायला १०० मिली साठा लागतो, १ कोटीची आणायला १ लिटर. हॅचरीला हे झेपते. पण १,००० चौरस मीटरचे, १.२ मीटर खोल तळे म्हणजे १२ लाख लिटर पाणी. तिथे मिलीमागे १० लाखांसाठी १२० लिटर साठा हवा, आणि उन्हात त्यातला बराचसा दिवसभरात निकामी होतो. उघड्या तळ्यात फेज ओतणे बहुतेक वेळा वाया जाते. तळ्यासाठी खाद्य किंवा बुडवणी, हॅचरीसाठी पाणी, असा साधा नियम धरा.

आठवी पायरी: कसे द्यावे

हॅचरीच्या टाकीत: पाणी क्लोरीनने निर्जंतुक केले असेल तर आधी क्लोरीन पूर्ण घालवा. १ ग्रॅम क्लोरीनला सुमारे ७ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट लागते. नंतर चाचणी पट्टीने शून्य आल्याचे पाहा. क्लोरीन, ओझोन, पोटॅशियम परमँगनेट, आयोडीन, फॉर्मालिन हे सगळे फेज मारतात. पाणी पुन्हा फिरवणाऱ्या यंत्रणेत यूव्ही (अतिनील) दिवा, ओझोन आणि फेस काढणारा स्किमर निदान ६ तास बंद ठेवा, पाण्याची अदलाबदल थांबवा, हवा मात्र चालू ठेवा. फेज संध्याकाळी सोडा. साठा आधी टाकीच्याच बादलीभर पाण्यात मिसळून सगळीकडे पसरवा. अळ्यांच्या टाकीत पहिल्या दिवसापासून एक दिवसाआड देणे, रोग दिसल्यावर एकदम ओतण्यापेक्षा चांगले, कारण अळ्या रोगाच्या लक्षणांनंतर तासांच्या हिशेबाने मरतात.

जिवंत खाद्य विसरू नका. अळ्यांना खाऊ घालतात त्या आर्टिमिया या बारीक कवचधारी जिवाच्या पिल्लांवर व्हिब्रिओ बसून थेट अळ्यांच्या पोटात जातो. गोळा केलेली पिल्ले स्वच्छ पाण्यात धुऊन, मिलीमागे १० कोटी फेज असलेल्या थोड्या पाण्यात २ तास हवेसह ठेवा, मग पुन्हा धुऊन द्या. पाणी कमी, फेज दाट, आणि रोगाची वाटच अडवलेली. कमी साठ्यात सर्वाधिक काम इथे होते.

बुडवणी: तळ्यात सोडण्याआधी बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लांना) द्यायची. ५० लिटर पाण्यात ५०० मिली साठा घातला की मिलीमागे १० कोटी होतात. भरपूर हवा देऊन ३० ते ६० मिनिटे. कल्ले आणि त्वचेवरच्या रोगांसाठी ही पद्धत सरस आहे.

खाद्यातून: दर किलो खाद्याला १० मिली साठा फवारा, म्हणजे ग्रॅममागे १० कोटी फेज. खाद्य कारखान्यात घालू नका, गोळ्या बनवतानाची ८० ते ९० अंशांची वाफ फेज मारते. तयार गोळ्यांवर फवारा, अर्धा तास सावलीत सुकवा, वरून किलोमागे ५ ते १० मिली तेल चोळा म्हणजे पाण्यात धुपत नाही, आणि त्याच दिवशी संपवा. तळ्यात ३०० किलो मासे असतील आणि वजनाच्या ३ टक्के खाद्य चालू असेल तर दिवसाला ९ किलो खाद्य, म्हणजे ९० मिली साठा. वरच्या १२० लिटरशी ताडून पाहा. फवारणी नीट झाली का हे बघायला १ ग्रॅम खाद्य ९ मिली एसएममध्ये अर्धा तास हलवून मोजा.

खाद्याचा मार्ग सगळ्या माशांना सारखा नाही. रोहू, कटला यांसारख्या कार्प वर्गातल्या माशांना खरे आम्लाचे जठरच नसते, त्यामुळे फेज आतड्यात जिवंत पोहोचतो. तिलापिया आणि मांसाहारी माशांचे जठर फार आम्ल असते, आणि पीएच ३ च्या खाली बहुतेक फेज मरतात. त्यांना अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थाच्या) मण्यांत बंद केलेला फेज द्यावा लागतो. आणि आजारी मासा खातच नाही. म्हणून खाद्यातला फेज हा निरोगी माशांचा बचाव आहे. साथ येण्याच्या हंगामाआधी सुरू करून ७ ते १० दिवस द्यावा.

टोचणीने फेज थेट रक्तापर्यंत जातो, पण ती मोठ्या, मोलाच्या पैदाशीच्या माशांपुरतीच ठेवा, आणि त्यासाठी साठा अंतर्विषे (जिवाणूंच्या आवरणातली विषे) काढलेला, अत्यंत शुद्ध हवा.

नववी पायरी: चाचणी आणि देखरेख

सगळ्या शेतावर देण्याआधी छोट्या टाक्यांत चाचणी घ्या. एका गटाला फेज, एका गटाला काहीच नाही, आणि तिसऱ्या गटाला अतिनील प्रकाशाने निकामी केलेला तोच फेज-साठा. हा तिसरा गट बहुतेक जण वगळतात. साठ्यातले जिवाणूंचे तुकडे माशाची प्रतिकारशक्ती चाळवतात, लसीसारखे. निकामी साठ्यानेही तेवढेच मासे वाचले तर वाचवणारा फेज नव्हता. प्रत्येक गटाच्या किमान ३ टाक्या, टाकीत २० मासे, १४ दिवस. मुद्दाम रोग लावून चाचणी करायची असेल तर ती बंदिस्त प्रयोगशाळेतच, शेतावर कधीच नाही.

फेज दिल्यावर ०, ६, २४ आणि ४८ तासांनी पाणी घ्या, फेज आणि जिवाणू दोन्ही मोजा. इथे एक सापळा आहे. नमुन्यातले फेज थाळीवरही जिवाणू मारत राहतात, त्यामुळे टाकीत जिवंत असलेले जिवाणू थाळीत शून्य दिसतात आणि उपाय लागू पडला असे वाटते. मोजण्याआधी नमुना फिरवून जिवाणू तळाशी बसवा, वरचे पाणी काढा, स्वच्छ द्रावणाने दोनदा धुवा, मगच थाळी लावा.

४८ तासांनंतर उरलेल्या कॉलनींतून १० उचला आणि मिश्रणावर तपासा. दोनपेक्षा जास्त रोधक निघाल्या तर त्या वाणांवर लागणारा नवीन फेज शोधून मिश्रणात घाला. जुने मिश्रण जास्त मात्रेत देण्याने काही साधत नाही. फेजची संख्या ६ तासांतच शंभरपट घसरली असेल तर क्लोरीनचा अंश, चालू राहिलेला यूव्ही दिवा किंवा ऊन शोधा. फेज टिकून आहे पण जिवाणूही तेवढेच आहेत, तर ते टाकीच्या भिंतीवरच्या चिकट थरात बसलेले असतात. फेज त्या थरात खोल शिरत नाही. टाकी रिकामी करून घासा, सुकवा, मग पुन्हा सुरू करा.

प्रतिजैविक चालू असताना फेज द्यायचा की नाही हे जोडीजोडीने तपासावे लागते. जिवाणूची वाढ थांबवणारे ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध फेजचीही वाढ थांबवू शकते, कारण फेजला प्रथिने बनवून देणारी यंत्रणा जिवाणूचीच असते.

फेज हे औषध, खाद्यपूरक की पाणी सुधारक, याचे वर्गीकरण देशोदेशी वेगळे आहे. वापरण्याआधी आपल्या मत्स्य आणि पशुवैद्यक खात्याकडून लेखी परवानगी घ्या. नोंदवहीत फेजचे नाव, साठ्याचा क्रमांक, मोजलेला आकडा, पाण्याचे तापमान, क्षारता, पीएच, दिलेली वेळ आणि रोजची मरतुक लिहा. दर हंगामाच्या सुरुवातीला आजारी माशांतून नवे वाण काढून जुन्या मिश्रणावर लावून बघा. दहापैकी सातांपेक्षा कमी वाणांना ते लागत असेल, तर ते बाजूला ठेवून पुन्हा दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.